बंबवाल्यांच्या सोडतीतले निवडुंग

"निवडुंग हिवाळ्यात जगवायचा म्हणजे काय करायचं? काही नाही!"

असं म्हणून लुबोर हाव्रानेक टेबलावर थाप मारायचा आणि टेबलावरच्या बिअरच्या मगांचा फेस खाली सांडायचा. आमच्या मोराव्हियातल्या येद्लावा गावात निवडुंग पाळणाऱ्यांचं मंडळ आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी खानावळीच्या मागच्या खोलीत त्याची सभा भरते, आणि गेली तीन वर्षं त्या सभेत लुबोरचं व्याख्यान ठरलेलं. विषय, 'काहीही न करण्याची कला'.

"ऑक्टोबरात पाणी बंद. प्रत्येकाला वर्तमानपत्रात गुंडाळा, खोक्यात निजवा, खोकं तळघरात खिडकीखाली. झालं! मग एकोणीस मार्चला संत योसेफच्या सणापर्यंत तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. पाणी नाही, ऊब नाही, लाड नाहीत. माणूस मध्येमध्ये लुडबुड करतो म्हणून निवडुंग मरतो!"

मागून कुणीतरी हटकून विचारायचं, "आणि फार गारठा पडला तर?"

"तर दुसरी दुलई घ्या."

"निवडुंगाला?"

"तुम्हाला हो! निवडुंगाला काही करू नका म्हणतोय ना मी!"

हशा पिकायचा, टाळ्या पडायच्या. आता खरं सांगायचं तर त्याआधीची अठरा वर्षंही लुबोर नेमकं हेच करत होता, आणि दर वसंतात त्याच्या खोक्यातून निम्मे निवडुंग कुजून, मऊ पडून बाहेर निघत. त्याचं खापर तो मातीवर फोडायचा, कुंड्यांवर फोडायचा, एकदा तर त्याने ते सरकारवरही फोडलं होतं. पण गेल्या तीन हिवाळ्यांत त्याचा एकही निवडुंग दगावला नव्हता. एकही! साहजिकच आपल्याला कला साधली, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि एकदा कला साधली की माणूस व्याख्यानं दिल्याशिवाय राहत नाही.

या कलेतला लुबोरचा गुरू म्हणजे त्याचा मित्र ओताकार. वयाने दहा वर्षांनी मोठा, निवडुंगांत अख्ख्या जिल्ह्यात पहिला. तीन वर्षांपूर्वी तो गेला. जाण्याआधी त्याने आपला सगळ्यांत जुना निवडुंग लुबोरच्या हाती सोपवला होता. हातभर उंच आणि अंगभर लांब पांढरे केस. ओताकार त्याला 'म्हातारा'च म्हणायचा.

"चाळीस वर्षं जपलाय," तो म्हणाला होता. "याला मारलंस तर भूत होऊन मानेवर बसेन."

दर मे महिन्यात मंडळाच्या प्रदर्शनात म्हातारा पहिल्या टेबलावर विराजमान व्हायचा, आणि ओताकारची बायको व्लास्ता त्याच्या शेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसायची. बोलायची फारसं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसायची, मधूनच म्हाताऱ्याचे केस बोटाने सारखे करायची. त्या दोघांना असं शेजारी शेजारी बघितलं की आपल्या हातून आयुष्यात एक काम तरी धड झालं, असं लुबोरला वाटायचं.

तर असा हा म्हातारा त्या हिवाळ्यात बाकीच्या एकवीस निवडुंगांबरोबर सफरचंदांच्या एका मोठ्या लाकडी खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, लुबोरच्या तळघरात झोपला होता.

फेब्रुवारीत आमच्याकडे बंबवाल्यांचा नाच असतो. गावात आग विझवणाऱ्यांचं हौशी पथक आहे. आग दोन वर्षांतून एखादी लागते, नाच मात्र दरसाल होतो. आणि नाच हे निमित्त, गाव लोटतं ते सोडतीसाठी! पहिलं बक्षीस अर्धं डुक्कर, दुसरं जिवंत बदक, तिसरं गाडीभर सरपण. ही तीन सगळ्यांसमोर मांडून ठेवतात. बाकीची शंभरेक बक्षिसं घराघरांतून येतात, आणि ती सगळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली असतात. कुणाला काय लागणार ते कळत नाही, आणि कुणी काय दिलं तेही कळत नाही. देणाऱ्याची झाकली मूठ सव्वा लाखाची!

लुबोरची बायको द्राहा दरवर्षी आलुबुखाराच्या मुरांब्याच्या बरण्या द्यायची. त्या वर्षीही तिने बरण्या गुंडाळून, खोक्यात भरून तळघरात ठेवल्या होत्या. पण तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून ती चार दिवस शेजारच्या गावी गेली होती. शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला.

"लुबोर, आज यारोमीर खोकं न्यायला येईल. त्याला खिडकीखालचं खोकं दे."

"दाराजवळचं."

"खिडकीखालचं!"

"अगं, खिडकीखाली माझे निवडुंग आहेत! मी स्वतःच्या हातांनी ठेवलेत ऑक्टोबरात."

पलीकडून द्राहा म्हणाली, "हे बघ, मी सांगते तेवढं ऐक. खिडकीखालचं. हवं तर एक पुडकं सोडून बघ."

"सोडून? फेब्रुवारीत?" झोपलेल्या बाळाच्या कानाशी ताशा वाजवायला सांगावा तसा लुबोर दचकला. "मी जन्मात कधी मार्चच्या आधी पुडकं सोडलेलं नाही!"

"मग सोडू नकोस. पण खिडकीखालचंच दे."

"बरं बरं," म्हणून लुबोरने फोन ठेवला आणि तो गालातल्या गालात हसला. बहिणीच्या गुडघ्यापायी बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही! दार कुठलं आणि खिडकी कुठली, तेही आठवेना! बरं तर बरं, घरात एक तरी माणूस शुद्धीवर आहे.

दुपारी यारोमीर आला. बंबवाल्यांचा नायक, चाळिशीचा, बैलासारखा दणकट गडी. लुबोरने त्याला तळघरात नेलं. दोन खोकी अगदी एकसारखी, दोन्हींत वर्तमानपत्रांची पुडकी. लुबोरने ऐटीत दाराजवळच्या खोक्याकडे बोट केलं. यारोमीरने ते उचललं आणि किंचाळला, "आई गं!"

"काय झालं रे?"

"टोचलं काहीतरी! लुबोरकाका, द्राहाकाकूंनी मुरांब्यात घातलंय तरी काय?"

"जुनं खोकं आहे, लाकडाची कुसळं असतील. एवढा आगीत उड्या घेणारा तू, कुसळाला काय ओरडतोस!"

यारोमीर बिचारा बोट चोखत खोकं घेऊन गेला.

शनिवारी सभागृह फुलून गेलं होतं. ब्रास बँड तापला होता, माणसं त्याहून. द्राहा बहिणीकडून परस्पर तिथेच आली होती, तिचा निळा झगा घालून. लुबोर गुलाशची प्लेट रिकामी करून, दुसरी बिअर समोर घेऊन अगदी सुखात बसला होता. सोडत सुरू झाली. लोकरी मोजे निघाले, विजेरी निघाली, सॉसेज निघाली. मग यारोमीर माइकवर ओरडला, "नंबर एकशे चौदा!"

एकशे चौदा नंबर गावच्या खाटकाचा. त्याने पुडकं फाडलं आणि आतून निघाला मुठीएवढा गोल निवडुंग! सगळे खो खो हसले. लुबोर मात्र ताडकन उठला.

"कुठल्या शहाण्याने दिलाय हा?" तो गरजला. "फेब्रुवारीत! झोपेतून ओढून काढायचं आणि या भट्टीत आणायचं! मंडळी, याला म्हणतात शुद्ध अडाणीपणा!"

"बरोबर बोलतोय लुबोर!" कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. लुबोर मान लववून खाली बसला.

पाच मिनिटांनी दुसरा निवडुंग निघाला. मग तिसरा. लुबोरला आता चेव चढला. "त्याच अडाण्याचे दिसताहेत! अशा माणसाला दगडसुद्धा पाळू देऊ नये! कुणाचे आहेत कळू दे, मंडळात बोलावतो आणि चार शब्द सुनावतो!"

द्राहा तोवर हसत होती. तिसऱ्या निवडुंगाला तिचं हसू थांबलं. तिने नवऱ्याच्या बाहीला हात घातला, "लुबोर, खाली बस."

"का म्हणून? ज्ञान वाटल्याने कमी होत नाही!"

इतक्यात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपल्याला लागलेला निवडुंग त्याच्या नाकासमोर धरला. "तू जाणता आहेस, तूच सांग बाबा हा कुठला ते. कुंडीतल्या काडीवर काहीतरी लिहिलंय."

काडीवर जांभळ्या पेन्सिलीने सतरा हा आकडा लिहिला होता. सातला खाली लांब वळलेली शेपटी होती. अशी शेपटी अख्ख्या मोराव्हियात एकच माणूस काढतो, आणि तो माणूस आता डोळे विस्फारून त्या शेपटीकडे बघत होता.

बिअर भलत्याच नळीत गेली. ठसका लागला. डोळ्यांतलं पाणी पुसून त्याने बायकोकडे बघितलं. बायको त्याच्याकडेच बघत होती.

"कुठलं खोकं दिलंस?" तिने हळूच विचारलं.

लुबोर खुर्च्या ढकलत, लोकांचे पाय तुडवत स्टेजकडे धावला. "थांबा! थांबा! सोडत थांबवा!"

पण यारोमीरला तोवर कुणीतरी रिकामं खोकं आणून दाखवलं होतं. खोक्याच्या बुडाला नाव होतं, हाव्रानेक. यारोमीरने आपल्या बोटाकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने लुबोरला दंडाला धरून स्टेजवर ओढलं.

"मंडळी! हे निवडुंग दिलेत आपल्या लुबोरकाकांनी! मला म्हणाले मुरांबा आहे! टोचलं तर म्हणाले कुसळं आहेत! आपला जीव की प्राण असा संग्रह गावाच्या बंबाला नवी नळी घ्यायला देऊन टाकला, आणि कुणाला कळू नये म्हणून आत्ता स्वतःच स्वतःला अडाणी म्हणवून घेत होते! याला म्हणतात मोठेपणा!"

सभागृह उभं राहिलं. बँडने सलामी ठोकली. पथकाचे सगळ्यांत जुने, नव्वदीचे सभासद थरथरत्या हाताने सलाम करत होते. खाटीक तर निवडुंग छातीशी धरून डोळे पुसत होता, आणि टोचल्यामुळे पुन्हा पुसत होता. लुबोरच्या तोंडापुढे माइक आला. 'सगळे परत द्या!' एवढे तीन शब्द त्याच्या ओठांवर होते. समोरचा तो सलाम बघून ते आत गेले.

"आनंद... आनंद आहे," लुबोर म्हणाला.

आणि त्याच वेळी खालून पोस्टात काम करणाऱ्या लीडाचा आवाज आला, "अगं बाई! हा बघा, अगदी आपल्या जुन्या हेडमास्तरांसारखा!" तिच्या हातात एक लांबुळकं पुडकं उघडलं होतं आणि त्यातून लांब पांढरे केस बाहेर आले होते.

म्हातारा! लुबोर स्टेजवरून उतरायला गेला, पण प्रत्येक पायरीवर एकेक माणूस मिठी मारायला आणि स्लिवोवित्सेचा, म्हणजे आलुबुखाराच्या कडक दारूचा, पेला पाजायला उभा होता. तो खाली पोहोचेपर्यंत लीडा कोट चढवून, म्हाताऱ्याला काखेत मारून निघून गेली होती.

रविवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर युद्धाला तोंड फुटलं.

"तू खिडकीखालचं म्हणालीस!"

"हो. आणि तू दाराजवळचं दिलंस."

"पण निवडुंग खिडकीखाली होते!"

"होते खरे," द्राहा म्हणाली आणि चहात चमचा ढवळत राहिली. ती बिनसाखरेचा चहा पिते, हे लुबोरच्या लक्षात आलं नाही.

"मग दाराशी कसे गेले? चालत?"

"उंदीर असतील."

"उंदरांनी बावीस निवडुंगांचं खोकं ढकललं?"

"सात-आठ जण लागले असतील. मला काय विचारतोस? तळघरात काय चाललंय ते कुणी बघायचं नाही, हा तुझाच नियम ना?"

लुबोर डोकं धरून बसला. "बाकीच्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. पण द्राहा, म्हातारा! व्लास्तावहिनींना कळायच्या आत तो घरी यायला हवा. ओताकारने चाळीस वर्षं जपलेला जीव मी अर्ध्या डुकराच्या सोडतीत घालवला, हे त्यांना कळलं तर मेमध्ये त्यांना तोंड कसं दाखवू? तोंड सोड, त्या तिथे येऊन बसणार कुणाशेजारी?"

आता मात्र द्राहाने चमचा खाली ठेवला. "मुरांबा आहे ना खिडकीखाली? घरोघर जा. बरणी दे आणि निवडुंग घे. म्हणावं, आत्ता त्यांना थंडीत झोपायचं असतं, वसंतात परत देईन."

"देऊ परत?"

"ते वसंतात बघू."

लुबोरने नातवंडांची बर्फावरची घसरगाडी काढली, तीत बरण्या रचल्या आणि पहिली धाव लीडाच्या घरी घेतली. दाराला कुलूप! शेजारीण म्हणाली, "सासरी गेलीय सकाळीच. मंगळवारी येईल." म्हाताऱ्याला घेऊन गेली की मागे ठेवून, ते शेजारणीला ठाऊक नव्हतं. मग लुबोर बाकीच्यांच्या मागे लागला.

ज्याने आमच्या गावात एका दिवसात आठ घरं पालथी घातली असतील त्यालाच हे दुःख कळेल. प्रत्येक दारात बूट काढायचे. प्रत्येक दारात पाहुण्यांच्या सपाता घालायच्या, आणि त्या कधी मापाच्या नसतात. मग केकचा तुकडा. मग स्लिवोवित्सेचा पेला, आणि तो नाकारणं म्हणजे घराण्याचा अपमान!

खाटकाने आपला निवडुंग शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवला होता आणि दोन दिवसांत तीनदा पाणी घातलं होतं. "तहानलेला वाटला रे," तो म्हणाला. बँडमधल्या तुतारीवाल्याने आपल्या निवडुंगाला थेट स्लिवोवित्सेच पाजली होती, "सर्दी झाल्यासारखा दिसत होता." एका आजींनी तर रात्रीतून लोकरीची टोपी विणून चढवली होती, आणि ती काट्यांतून निघेना. लुबोरने निवडुंग टोपीसकट घेतला.

पण गंमत अशी, की कुणीही निवडुंग द्यायला नाही म्हटलं नाही. उलट त्यांचे डोळे भरून यायचे. "दान करून पुन्हा विचारपूस करायला आलास! वर मुरांबाही आणलास! तुझ्यासारखा माणूस नाही रे!" लुबोरला या कौतुकाची मेली लाज वाटायची, आणि पाचव्या पेल्यानंतर थोडंसं खरंही वाटायचं. सोमवारी संध्याकाळी तो गाणं म्हणत घरी आला. घसरगाडीत निवडुंग, वर खाटकाने दिलेलं सॉसेजचं वेटोळं, आणि लुबोरच्या पायांत दोन वेगवेगळ्या घरांच्या सपाता. बूट कुठे राहिले ते बुधवारी कळलं.

मंगळवारी मात्र तो शुद्धीवर होता. सकाळीच त्याने लीडाला पोस्टाच्या दारात गाठलं.

"तो म्हातारा?" लीडा म्हणाली. "तो तर मी रविवारीच दिला!"

"कुणाला?"

"व्लास्ताआजींना! आमची गाडी त्यांच्या दारावरूनच जात होती. म्हटलं, एकट्या असतात, आजोबांना निवडुंगांचा नाद होता, तेवढीच सोबत. काय सांगू लुबोरकाका, पुडकं उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं! म्हणाल्या, हा कुठून आणलास? मी सोडतीचं सगळं सांगितलं. तुमचं नाव पण सांगितलं."

"नाव पण सांगितलंस," लुबोर म्हणाला.

"मग! चांगलं काम केलंत, नाव नको व्हायला?"

लुबोर उरलेली शेवटची बरणी कोटात घालून व्लास्ताच्या घराकडे निघाला. फाटकापाशी आला आणि पुढे निघून गेला. वळला आणि पुन्हा पुढे निघून गेला. मनात त्याने तीन भाषणं तयार केली होती. एकात चोर होते, दुसऱ्यात उंदीर होते, तिसऱ्यात डॉक्टरांनी त्याला निवडुंगांपासून लांब राहायला सांगितलं होतं. चौथ्यांदा तो फाटकापाशी आला तेव्हा दार उघडलं.

"आत ये आता," व्लास्ता म्हणाली. "माझा बर्फ तुडवून तुडवून पाक सपाट केलास. या घाल सपाता. ओताकारच्या आहेत."

त्या सपाता मात्र लुबोरला अगदी मापाच्या झाल्या. तिथेच त्याची तिन्ही भाषणं संपली. स्वयंपाकघरात बसल्या बसल्या त्याने बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या हातून घात झाला. मी त्याला दान-बिन केलं नाही. मुरांबा समजून चुकून देऊन टाकला. द्राहाने बजावून सांगितलं होतं, तरी मी ऐकलं नाही. ओताकारने माझ्यावर विश्वास टाकला आणि मी असा निघालो. मला माफ करा."

व्लास्ताचे खांदे हलायला लागले. लुबोरला वाटलं रडतेय. पण ती हसत होती!

"म्हणजे सोडतीत! आणि वर उभा राहून म्हणालास, देणारा अडाणी आहे?"

"हो."

"दगडसुद्धा पाळू देऊ नये, म्हणालास?"

"हो, वहिनी."

"अरे देवा! ओताकार असता तर हसून हसून मेला असता," व्लास्ता डोळे पुसत म्हणाली. "म्हणजे, पुन्हा एकदा."

मग ती त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. खोलीत शेगडी नव्हती. खिडकी बोटभर उघडी होती, आणि तिच्यापासून लांब, आतल्या भिंतीशी स्टुलावर म्हातारा उभा होता. केस विंचरलेले, अंगाखाली जाड कापड, शेजारी भिंतीवर तापमापक. आठ अंश.

"वहिनी, तुम्हाला कसं ठाऊक, त्याला असंच लागतं?"

"मला कसं ठाऊक?" व्लास्ता म्हणाली. "चाळीस वर्षं त्याला जपला कुणी?"

"ओताकारने! काहीही न करून!"

"अगदी बरोबर. तो काहीही करायचा नाही. उरलेलं मी करायची."

आणि तिने सांगितलं. कडाका पडला की तळघराची खिडकी कुणीतरी लावावी लागते, आणि ओसरला की कुणीतरी उघडावी लागते, नाहीतर सगळे कुजतात. जानेवारीत एकेक पुडकं सोडून कुठे मऊ पडलंय का ते बघावं लागतं. म्हाताऱ्याला तेवढं चमचाभर कोमट पाणी लागतं. आणि पारा फारच उतरला तर वर घोंगडं टाकून अख्खं खोकं खिडकीखालून ओढून आत घ्यावं लागतं.

"ओताकार खानावळीत व्याख्यान द्यायचा ना, तेव्हा मी तळघरात असायची."

"त्याला सांगितलं नाहीत कधी?"

"संसार केलाय रे मी. नवऱ्याला एका तरी गोष्टीत आपण हुशार आहोत असं वाटू द्यावं. मग बाकीच्या गोष्टींत तो मुकाट्याने ऐकतो."

लुबोर मान हलवता हलवता थांबला. त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू सरकत होतं, जड खोकं फरशीवरून सरकावं तसं. "वहिनी, खोकं खिडकीखालून ओढून... कुठे घ्यायचं?"

"दाराजवळ. दुसरं कुठे? आणि गेल्या महिन्यात उणे अठरा होतं."

"पण माझ्या तळघरात तर..."

व्लास्ताने त्याच्याकडे मायेने बघितलं. "म्हातारा तुझ्याकडे आला ना, त्याच आठवड्यात मी येऊन द्राहाला सगळं शिकवून गेले."

तीन वर्षांपूर्वी! तीन हिवाळे! एकही दगावला नाही! आणि म्हणे उंदीर! लुबोर स्टुलाशेजारी मटकन खाली बसला. म्हातारा पांढऱ्या केसांतून त्याच्याकडे बघत असावा, असं त्याला वाटलं.

"मार्चपर्यंत राहू दे याला इथेच," व्लास्ता म्हणाली. "मलाही बरं वाटतं. आणि तूही येत जा अधूनमधून. सपाता आहेतच."

घरी आला तेव्हा द्राहा बटाटे सोलत होती. तिने मान वर केली. "मिळाला?"

"आहे तिथे सुखात आहे," लुबोर म्हणाला. तो बायकोसमोर बसला, एक बटाटा उचलला, फिरवून फिरवून बघितला. "द्राहा, आपल्या तळघरात उंदीर आहे म्हणालीस ना?"

द्राहाची सुरी थांबली. "हो."

"त्या उंदराला उणे अठरात, तिथे, थंडी वाजत असेल गं."

"उंदराकडे लोकरीचे मोजे आहेत," द्राहा म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली. पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, आणि लुबोरला त्या हसूवरून समजलं की आपल्याला माफ केलंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी खानावळीची मागची खोली ओसंडून वाहत होती. सोडतीपासून लुबोरचं नाव पंचक्रोशीत झालं होतं. बंबवाले गणवेशात आले होते. खाटीक आला होता. पहिल्या रांगेत, जन्मात पहिल्यांदाच, द्राहा आणि व्लास्ता शेजारी शेजारी बसल्या होत्या. लुबोर उभा राहिला. त्याने टेबलावर थाप मारली, पण जरा बेतानेच.

"मंडळी! निवडुंग हिवाळ्यात जगवायचा म्हणजे काय करायचं?"

"काही नाही!" अख्खी खोली एका सुरात ओरडली.

"बरोबर," लुबोर म्हणाला. त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं आणि घसा खाकरला. "म्हणजे, जवळजवळ बरोबर."

मागून नेहमीचा प्रश्न आला, "आणि फार गारठा पडला तर?"

दुलईचा विनोद सवयीने लुबोरच्या जिभेवर आला. त्याने तो गिळला. मग तो पुढे वाकला आणि कुजबुजला, पण माइक समोरच होता, त्यामुळे ते पार रस्त्यावर ऐकू गेलं.

"द्राहा, किती अंशांना हलवायचं असतं गं खोकं?"

"खाली बस," द्राहा उठत म्हणाली. "मी सांगते."

लुबोर खाली बसला, आणि व्याख्यान संपेपर्यंत त्याने काहीही केलं नाही. त्यात त्याचा हात धरणारा आमच्या जिल्ह्यात अजूनही कुणी नाही!